अण्णांचे कोरे वाडगे

लग्न होऊन मी कऱ्हाडहून बंगळूरला आले ते साठ सालाच्या आसपास. बसवनगुडीतल्या त्या घरात माझे सासरे आणि माझे यजमान, दोघंच राहत. सासूबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. हे ओव्हरसियर होते. शिमोग्याच्या पुढे धरणाचं काम सुरू होतं, तिकडे यांची बदली झाली आणि हळद उतरायच्या आत हे निघून गेले. तिथे बायकामाणसांना राहायला अजून जागा नव्हती. क्वार्टर्स बांधून झाल्या की नेतो, म्हणाले. मधूनच एखाद्या रविवारी यायचे. बाकीचे दिवस घरात मी आणि सासरे.

मी त्यांना मामंजी म्हटलं तर ते गोंधळले. "मामंजी नको. अण्णा म्हण. सगळे तेच म्हणतात."

त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. घरात मराठीच बोलत, पण ती मराठी पहिल्या पहिल्यांदा मला उमगत नसे. मधे मधे कन्नड शब्द, आणि हेल तर पूर्ण वेगळा. माझं बोलणं त्यांना फार भरभर वाटायचं. "स्वल्प सावकाश बोल, अम्मा," म्हणायचे. तिकडे लेकीसुनांनाही मायेने अम्मा म्हणतात, हे मला नंतर कळलं. आधी वाटलं, हे मला आई का म्हणताहेत. एकाच भाषेची दोन माणसं एका घरात, आणि जेवायला वाढताना सुद्धा एकमेकांकडे बघून अंदाज बांधायचा. मग आम्ही कमीच बोलायला लागलो. शेजारच्या बायका चांगल्या होत्या, फाटकाशी हसायच्या, काहीतरी विचारायच्या. मला कन्नड येत नव्हतं. मीही हसायची आणि आत यायची.

दुपार संपता संपत नसे. भांडी घासून झाली, तांदूळ निवडून झाले, तरी ऊन जागचं हलायचं नाही. कऱ्हाडच्या घरात आम्ही नऊ माणसं होतो. तिथे दुपारी मिनिटभर एकटं बसायला मिळावं म्हणून मी माळ्यावर जाऊन बसायची. आता सगळं घर मला मोकळं होतं.

अण्णा एका कारखान्यातून निवृत्त झालेले. ओतकामासाठी लागणारे लाकडाचे नमुने करायचं त्यांचं काम होतं. मागच्या पडवीत त्यांनी पायाने चालवायचा लहानसा लेथ बसवला होता. सकाळी कॉफी झाली की तिथे जाऊन बसायचे आणि वाडगे कातायचे. चन्नपट्टणला खेळणी करतात ते पांढरं, मऊ लाकूड. पायाखाली पट्टी हलायची, पटाशी टेकली की लाकडाच्या लांब पातळ साली गळून पडायच्या. त्या झाडून काढायचं काम मी आपण होऊन घेतलं. तेवढीच पडवीत जायला सबब.

वाडगा झाला की ते तो कोठीच्या खोलीतल्या फळीवर नेऊन ठेवायचे. तिथे असे कितीतरी वाडगे एकावर एक रचलेले होते, सगळे कोरे. दिवाणखान्यातल्या कपाटात मात्र जुने होते ते लाल, पिवळे, हिरवे, काचेसारखे तुळतुळीत. एकदा मी विचारलं, "अण्णा, यांना रंग नाही द्यायचा?"

"रंग तिचं काम होतं," ते सासूबाईंबद्दल म्हणाले. लेथ थांबवला नाही.

चार दिवस गेले. मग पुन्हा विचारलं. "मी एकाला देऊन बघू?"

त्यांनी पाय थांबवला. हातातली पटाशी खाली ठेवली. "सरी," म्हणाले, म्हणजे बरं. "बघ."

रंगाच्या पुड्या एका पत्र्याच्या डब्यात होत्या. लाल रंग मी गरम पाण्यात कालवला आणि फडक्याने वाडग्याला फासला. वाळल्यावर बघते तर अंगावर काटा आल्यासारखे लाकडाचे तंतू उभे राहिलेले, आणि दोन बाजूंना काळसर डाग, मार लागल्यासारखे. तो अण्णांपुढे नेताना मला रडू येत होतं.

त्यांनी वाडगा फिरवून पाहिला. "आधी साधं पाणी लावायची ती," ते हळूहळू आठवत म्हणाले. "वाळू द्यायची. मग पॉलिश पेपर. मग रंग."

"पाणी किती? आणि ते डाग कशाने पडले?"

"ते ठाऊक नाही."

"तुम्ही रोज इथेच बसत होतात ना?"

"मी माझं काम करत होतो, अम्मा," अण्णा म्हणाले. "तिच्याकडे बघितलं नाही."

त्यानंतर ते उठून आत गेले. त्या दिवशी लेथ पुन्हा चालला नाही. मला वाटलं, संपलं आता. पण दुसऱ्या दिवशी पडवीत दोन पाट मांडलेले होते, आणि फळीवरचे तीन कोरे वाडगे खाली काढून ठेवलेले.

तिथून आमचं काम सुरू झालं. दोघांनाही येत नव्हतं, हे एक बरं झालं. ओल्या फडक्याने वाडगा पुसायचा, उभे राहिलेले तंतू वाळल्यावर घासून काढायचे, हे तर कळलं होतं. डागांचं हळूहळू समजलं. जिथे लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात तिथे ते रंग जास्त पितं. तिथे रंग पातळ करून लावावा लागतो. एकदा अण्णांना आठवलं की ती लालच्या आधी पिवळा द्यायची. तसं करून पाहिलं. पिवळ्यावर लाल दिला, वाळल्यावर हलकेच घासला, तर रेषारेषांतून खालचा पिवळा दिसायला लागला. माझी बोटं कितीतरी दिवस लाल होती. शेजारच्या बाईंनी फाटकाशी माझा हात धरला आणि विचारलं, "एनु विशेष?" काय विशेष, एवढं मला कळलं. मी आत जाऊन वाडगा आणून दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि खूप काही बोलल्या. मी मान डोलवत राहिले.

शेवटचं काम पॉलिशचं. स्पिरिटमध्ये लाख विरघळवायची, जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस गुंडाळून त्याचा बोळा करायचा, त्यावर तेलाचा थेंब, आणि गोल गोल हात फिरवायचा, कुठेही न थांबता. थांबलं की बोळा चिकटतो. पहिल्या दिवशी हवा दमट होती, पॉलिशवर दुधाळ साय धरली. अण्णा म्हणाले, ऊन पडेपर्यंत राहू दे. ऊन पडल्यावर पुन्हा स्पिरिटचा हात दिला तर ती गेली, आणि खालून तांबूस सोनेरी रंग असा काही वर आला की मी वाडगा तसाच अण्णांपुढे केला.

अण्णांनी वाडगा उजेडात धरला. "तिच्यासारखा नाही," म्हणाले. मग म्हणाले, "पण बरा झालाय."

त्या वर्षभरात आम्ही जेवढं बोललो ते सगळं वाडग्यांवर. रंग जास्त झाला का, लाख पातळ आहे का, आज ऊन टिकेल का. त्यांची मराठी मला समजायला लागली ती त्या पाटावर बसून. पण पडवीतून आत आलो की पुन्हा ते त्यांच्या खुर्चीत, मी स्वयंपाकघरात.

हे सुट्टीवर आले तेव्हा मी वाडगे मांडून ठेवले होते. "छान आहेत," म्हणाले, "आईचे असेच असायचे." मग म्हणाले, घरात स्पिरिटचा वास फार येतो. दुसऱ्याच दिवशी सांगितलं, क्वार्टर मिळाली, तयारी कर. ज्याची इतकी वाट पाहिली ते ऐकून मला आनंद झाला. अण्णांना चला म्हटलं. ते नको म्हणाले, तिकडे लेथ कुठे लावायचा.

धरणावरच्या क्वार्टर्समध्ये माझ्यासारख्या पुष्कळ बायका होत्या, तरी दुपारी मी एकटीच असायची. एकदा उन्हाळ्यात अण्णा आम्हाला भेटायला आले. मी त्यांच्या आवडीची हुळी, तिकडची चिंचेची आमटी, केली, भात केला. जेवून ते ओसरीवर बसले, मी उंबऱ्याशी बसले. समोर डोंगर, खाली यंत्रांचा आवाज. मी विचारलं, तब्येत कशी आहे. ते म्हणाले, बरी आहे. त्यांनी विचारलं, इथे पाणी कसं आहे. मी म्हटलं, चांगलं आहे. हात रिकामे होते. ते आपल्या तळव्यांकडे बघत बसले आणि मी पदराच्या काठावरून बोट फिरवत बसले, संध्याकाळ होईपर्यंत.

आठवडाभर राहायचं म्हणून आले होते, पण तिसऱ्या सकाळीच पिशवी भरून उभे राहिले. घर बंद आहे, म्हणाले. मी स्टँडवर पोचवायला गेले. बस सुटताना त्यांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बस घाटाच्या वळणाला गेल्यावर मी क्वार्टरकडे परत चालू लागले. उन्हं चढायला लागली होती, आणि घरी करायला काहीच नव्हतं.