दातवालीचं स्थळ

सगळी गल्ली तिला दातवाली म्हणायची, आणि ते नाव आपल्या खऱ्या नावापेक्षा आपल्याला जास्त शोभतं असं तिला वाटायचं. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतून, मेण कोरून ती दात बनवायची. ते लावणारी माणसं तिला कधीच दिसायची नाहीत. छत्तीस वर्षांत आपली पुरुषांशी ओळख ती जबड्यापुरतीच, असं ती स्वतःच सांगायची. लग्नाचं घोडं कुठे पेंड खातंय हेही तिला माहीत होतं. येणारं प्रत्येक स्थळ आधी काम सोडायला सांगायचं.

पण घरात आई होती. आईच्या तोंडात एकही दात उरला नव्हता आणि तिचा हट्ट होता, "तुझं लग्न झालं की कवळी बसवीन." तीन वर्षं ती सगळं कुस्करून खात होती. दातवालीची आई बोळकी, म्हणजे धंद्याची केवढी शोभा! ते बघून लेकीचा जीव तुटायचा. या वेळी काहीही झालं तरी हो म्हणायचं, असं तिने ठरवलं.

पाहुणा थोरल्या बहिणीला घेऊन आला. चाळिशीचा, नीटनेटका. तो हसला आणि ती बघतच राहिली. आईला वाटलं, जमलं.

"लग्नानंतर मात्र हे काम बंद," तो हसतच म्हणाला. "लोकांचे दात घरात नकोत."

"पण तुमचा समोरचा दात मीच केलाय," ती बोलून गेली. शेजारच्या खऱ्या दातावरचा पांढरा ठिपका दवाखान्याच्या फोटोत बघून तिने या दातावर तीनदा प्रयत्न करून तसाच उमटवला होता. "छान बसलाय हो. जरा ओठ वर करता?"

दात खोटा आहे हे बहिणीलाही ठाऊक नव्हतं. चहा अर्धा टाकून दोघं उठली.

देव अक्कल वाटत होता तेव्हा आपण बहुतेक दात घासत होतो, असं तिला वाटलं. त्याहून लाज याची वाटली, की माणूस गेल्याचं तिला काहीच वाटत नव्हतं, तो दात मात्र अजून थोडा वेळ बघायचा होता.

आईने अर्ध्या चहाचे कप उचलून ठेवले.

"खरंच तू केलेला?"

"हो."

"मी म्हटलं, काय दात आहेत माणसाचे." आईने खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि बसली. "घे माझा ठसा."

"आणि लग्न?"

"ते तुझं तू बघ. मला चावून खायचंय."

एवढं बोलून आईने आ वासला. ठशाचा मसाला कालवताना दातवालीला रडू आवरेना, मसाला भांड्यातच घट्ट झाला, आणि दुसरा कालवून होईपर्यंत आई तशीच तोंड उघडं ठेवून बसून राहिली.