ढगळ पुस्तकांची दुरुस्ती

"अगं, पण ते माझं पुस्तक होतं!" भाचा ओरडला. त्याच्या हातातलं चकचकीत कव्हर जाडजूड पुस्तकाचं होतं, आतली पानं मात्र पातळ वहीएवढीच उरली होती.

"अजूनही तुझंच आहे." आत्यानं मशिनवरून मान वर केली नाही. "ढगळ होतं. कमरेत घेतलं."

"निम्मं कापलंस!"

"निम्म्याहून जास्त. त्याच तीन गोष्टी लिहिणारा पुन्हा पुन्हा सांगत होता. पहाटे उठा, मोठं स्वप्न बघा, नाही म्हणायला शिका. एकेकदा ठेवल्या, बाकीच्या काढल्या. आता बघ, कसं अंगाबरोबर बसतंय."

"कधी केलंस हे?"

"मागच्या थंडीत."

बाहेर उन्हाळा चांगलाच तापला होता. आत भांडी घासणाऱ्या त्याच्या बायकोला हसू फुटलं. "म्हणजे थंडीपासून उशाशी घेऊन झोपतोयस, नि पान आज उलटलंस?"

पान उलटलं तेही मित्राला फोनवर एक उतारा वाचून दाखवायचा होता म्हणून. तो उतारा रद्दीत गेला होता.

आत्यानं आयुष्यभर लोकांच्या कपड्यांची दुरुस्ती केली. नवं शिवायच्या भानगडीत ती कधी पडली नाही. पँटची लांबी कमी कर, कोट बाजूंनी आत घे, चेन बदल. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. लग्न केलं नाही. भाऊ-भावजय गेल्यावर भाचा तिच्याकडेच वाढला आणि लग्नानंतरही तिथंच राहिला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती वाचायची, आणि वाचून झालं की उसवायची बारीक सुरी घेऊन पुस्तकाची शिवण सोडायची, फालतू पानं काढायची, उरलेली दाभणानं पुन्हा ओवायची. असली कापलेली पुस्तकं तिच्या फळीवर दाटीवाटीनं उभी होती. पाहुणे ती उचलून बघायचे आणि गुपचूप खाली ठेवायचे.

धंद्याच्या पुस्तकांवर तिचा विशेष राग. म्हणायची, "यांनी कधी कुणाला उधारीवर चेन बसवून दिलीय का? गिऱ्हाईक कपडे टाकून महिनोन्महिने फिरकत नाही, त्याचं काय करायचं, ते एकानं तरी लिहिलंय? यांचा धंदा एकच, धंद्यावर पुस्तक लिहायचं."

कादंबऱ्यांनाही ती सोडत नसे. "ही बाई पहिल्या पानापासून खिडकीत उभी आहे. हिच्या घरात दूध कोण तापवतं? नवरा कुठल्या कामाला जातो? काही पत्ता नाही. नुसती आठवते नि उसासे टाकते." अशा बाईचे उसासे ती निर्दयपणे कापून टाकायची. शेवटी मरणारं मूल तर तिला पहिल्या प्रकरणातच ओळखू यायचं. "खोकला आला की समजायचं. लेखकाला रडवायला दुसरं काही सुचलेलं नाही." फळीवर तीन-चार कादंबऱ्या मात्र अख्ख्या होत्या. त्यांना तिनं सुरी लावली नव्हती, आणि का लावली नाही ते कुणाला सांगितलंही नव्हतं. त्या ती दरवर्षी वाचायची.

भाच्याला ती चेअरमन म्हणायची. असंच एक धंद्याचं पुस्तक वाचून, खरं तर त्याची पहिली दोन प्रकरणं वाचून, त्यानं चांगली नोकरी सोडली होती. तेव्हापासून घर बायकोच्या शाळेतल्या पगारावर आणि आत्याच्या मशिनवर चालत होतं. चेअरमन भिंतीवर नव्या धंद्याच्या बेतांच्या रंगीत चिठ्ठ्या चिकटवत होते.

अशात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आत्याला बसवून सांगितलं, "पडद्याला इजा झालीय. गेलं ते परत यायचं नाही. सकाळी दोन-तीन तास नीट दिसेल, मग अक्षरं पुसट व्हायला लागतील. बारीक काम एकच काहीतरी ठेवा."

एकच काहीतरी म्हणजे शिवण नाहीतर वाचन, ते घरात तिघांनाही कळलं.

आठवड्यानं भाच्यानं तिच्या कानात मोबाईलची बोंडं घातली. "आत्या, आता पुस्तकं ऐकायची. जगात सगळे ऐकतात."

आवाज एका बाईचा होता. दाटलेला, ओलसर. कुणी मेलं की ती स्वतःच हुंदका द्यायची. विनोद आला की आधी स्वतः हसायची. आत्यानं शिवता शिवता दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी बाई गोष्टीतल्या एका पत्रापाशी इतकी थबकली, की आत्याचा हातही थबकला आणि पुढं भलतीकडेच गेला. बँकेतल्या साहेबांच्या पँटचा एक पाय टाचेपर्यंत, दुसरा घोट्याच्या वर. साहेबांनी दुकानातच घालून पाहिली आणि तशीच उतरवून ठेवली.

बोंडं काढत आत्या म्हणाली, "दुसऱ्यानं चावलेला घास आहे हा. कुठं रडायचं तेही तीच ठरवणार. आवडलेलं वाक्य पुन्हा बघावं म्हटलं, तर ही बाई पुढच्या गावाला पोचलेली. आणि हिला कापायचं कसं?"

"सवय होईल गं."

"कशाला करायची सवय?"

"अगं, फायदा बघ ना." भाचा उत्साहानं खुर्ची ओढून बसला. चिठ्ठ्यांवर लिहिताना त्याचा चेहरा असाच व्हायचा. "सकाळचं दिसतं तेवढ्यात शिवण करायची. पुस्तक कानात चालूच. डोळ्यांना ताण नाही, हात मोकळे, कामही बुडत नाही. एका वेळेत दोन कामं."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"कामही बुडत नाही," आत्या म्हणाली.

"म्हणजे तसं नाही गं..."

"तसंच आहे. माझ्या डोळ्यांचं वेळापत्रक केलंस की रे चेअरमन. कुठल्या चिठ्ठीवर लिहिलंय, पिवळ्या की गुलाबी?"

त्याची बायको हात पुसत दारात आली. नवऱ्याकडे तिनं बघितलं नाही. हळूच म्हणाली, "आत्या, त्याचं चुकलंच. पण माझ्या एकटीच्या पगारात नाही हो भागत. तुम्हाला माहितीये."

"माहितीये. तू खरं तरी बोललीस. हा पुस्तकातलं बोलतो."

भाचा खुर्चीवरून उठला. याचं उत्तर त्याच्या एखाद्या पुस्तकात असेलही, पण तिथवर तो कुठल्याच पुस्तकात पोचला नव्हता.

आत्यानं साहेबांच्या पँटचा आखूड पाय उसवला, सरळ केला, पुन्हा शिवला. धागा दातानं तोडला. मशिनवर कव्हर टाकलं आणि दोघांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली,

"हातात आहेत तेवढे कपडे या आठवड्यात देऊन टाकते. सोमवारपासून दुकान बंद. सकाळी मी वाचत असेन, तेव्हा मला कुणी हाक मारायची नाही. घर कसं चालवायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा."