पायरीवरचा नारळ

वाईट माणसाला मरायच्या आधी त्याच्या वाईटाचं काही मिळतं की नाही, हा प्रश्न मी देवाला अकरा वर्षं विचारत होते. निरांजन ओवाळताना तोंडात आरती आणि मनात हा प्रश्न, असं चालायचं. माझी शाळा सहावीतच सुटली, त्यामुळे मोठ्या पुस्तकांत याचं काय उत्तर आहे ते मला ठाऊक नाही. आमच्यासोबत घडलं तेवढं लिहितेय. लेकीने काना-मात्रा तपासून दिल्यात, बाकी शब्द माझे.

आम्ही सावंतवाडीकडचे. लग्न झालं तशी मी भाईंदर पूर्वेला आले. आमचे हे स्टीलची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते. गळ्यात तुळशीची माळ, भजनात पखवाज वाजवायचे, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. त्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा साचा खाली येतो, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. पण माल भरभर निघावा म्हणून मुकादमाने एक बटण रबराची पट्टी बांधून दाबूनच ठेवलं. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. आम्ही इस्पितळात असतानाच मुकादमाने रबर सोडलं आणि शेठला सांगितलं, "पिऊन आला होता."

हा मुकादम परका नव्हता. आमच्याच गावचा, वरच्या वाडीतला. ह्यांना कामाला त्यानेच लावलेलं, म्हणून त्याचं सगळ्यांना खरं वाटलं. बोटं गेली ते ह्यांनी सोसलं, हूं की चूं केलं नाही. पण घरी आल्यावर चौथ्या दिवशी माळ काढून खिळ्याला अडकवली. म्हणाले, "माका दारुडो म्हणतत तां म्हणांदेत. माळेक कित्याक बोल?" पुढे काशीमीऱ्याच्या एका गोदामावर वॉचमन म्हणून लागले. तिथेही कारखान्यातला एक जुना कामगार भेटला की हसून म्हणायचा, "क्या बुवा, आज सुबह सुबह चढा ली?" हे नुसते हसायचे. मला मात्र तो खिळा रोज दिसायचा.

आमच्याकडे अन्याय झाला की ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. देवासमोर नारळ ठेवायचा, अमक्याने असं केलं, आता तूच बघ, असं मोठ्याने सांगायचं, आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा घातलेलं गाऱ्हाणं आपोआप सुटत नाही. ज्याने घातलं त्यानेच ते उठवायचं, म्हणजे मागे घ्यायचं, आणि दोन्ही बाजूंनी खरं बोलायचं. त्या वर्षी मी एकटी गावी गेले. भर दुपारी नारळ घेऊन रवळनाथाच्या देवळात शिरले. गुरव जेवायला घरी गेलेले, देवळात मी एकटीच. तोंड उघडलं आणि मनात आलं, त्याच्या पोरांना काही झालं तर? उलटून आमच्याच लेकीवर आलं तर? मी आधीच भित्री. नारळ पायरीवर ठेवला आणि न बोलता बाहेर पडले.

पण नारळ घेऊन जाताना मला गावाने पाहिलं होतं, आणि रिकाम्या हाताने येतानाही. तेवढं पुरलं. मी भाईंदरला पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली, की हिने गाऱ्हाणं घातलं. ह्यांनी विचारलं तेव्हा मी मान डोलावली. खोटं बोलले असं वाटलंच नाही, नुसती मानच तर हलवली होती.

मुकादमाला काहीच झालं नाही. त्याने सिल्व्हर पार्कला मोठा फ्लॅट घेतला, पोरांची लग्नं थाटात केली. तिथल्या सोसायटीच्या पूजेला संकल्पाचं पाणी सोडायला पाटावर हाच. मी त्याच भागात दोन घरी चपात्या करायला जाते, त्यामुळे सगळं कानावर यायचं. घरी येऊन मी देवाला म्हणायची, तुला दिसतं तरी का?

यंदा माघ महिन्यात एका दुपारी त्याची बायको आमच्या दारात उभी राहिली. आत न येताच रडायला लागली. "बाय, तुझ्या पाया पडतंय. त्येंच्या घशाखाली पाणी उतरना नाय. डॉक्टरान हात टेकल्यान. जीव अडाकलो हा तुझ्या गाऱ्हाण्यात. उठय गो तां."

खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. अकरा वर्षांनी दोरी माझ्या हातात आली होती. आधी चारचौघांत खरं बोलायला लाव, मग उठवते, असं म्हणता आलं असतं आणि त्याने ऐकलंही असतं. ती गेल्यावर तासाभरात आम्ही दोघं रिक्षाने निघालो. मांडीवर नारळ. पण जे घातलंच नाही ते उठवणार कसं? ह्यांच्या खरेपणासाठी मी देवासमोर खोटं बोलणार होते.

वाटेत देवीचं लहान देऊळ आहे, तिथे मी फुलांसाठी रिक्षा थांबवली. हे आतच बसले. फुलं विकणारी म्हातारी इथल्याच जुन्या गावातली असावी. माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "नारल फोराला नेतेस का ठेवाला?"

नारळ फोडायचा की नुसता ठेवायचा, मी तरी कुठे ठरवलं होतं. म्हटलं, "मलाच कळत नाहीये, आजी."

"मंग आदी आईला खरं सांग. तिला सगला ठावं हाय, पन तुझ्या तोंडून आइकाचा हाय." एवढं बोलून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी वाद घालायला लागली.

मी देवीसमोर हात जोडले आणि म्हटलं, आई, मला जमत नाही, तूच बोल. मग रिक्षात बसले.

मुकादमाच्या खाटेभोवती त्याची दोन्ही मुलं, सुना आणि इमारतीतले चार-पाच जण उभे होते. त्याच्या अंगाची नुसती काठी झालेली. मी नारळ त्याच्या उशाशी ठेवला आणि बोलले. मीच बोलले, माझ्याच आवाजात, तरी तो आवाज मला नवा होता. "गाऱ्हाणं मी घातलंच नाही. देवळात गेले, घाबरले, नारळ पायरीवर ठेवून परत आले. लोकांनी घातलं म्हटलं, मी गप्प राहिले. उठवायला काही नाहीच." ह्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

थोरला मुलगा तडकला. "मग इथे तमाशा करायला आलात? निघा!" सून पुटपुटली, "एवढी वर्षं आम्ही उगाच घाबरलो." आम्ही वळणार, एवढ्यात मुकादमाने हात उचलला. त्याचे डोळे माझ्यावर होते.

"नाय घातलंस?" घोगऱ्या आवाजात तो म्हणाला. "मगे अकरा वर्सां माका रोज इचारी होतो, तो कोण?"

मग दम घेत घेत तोच सगळ्यांसमोर म्हणाला, "तो पियालेलो नव्हतो. एक थेंब नाय. बटाण मिया बांधलंय. खोटां मिया सांगलंय."

आमच्या ह्यांनी खाली वाकून, दोन बोटं उरलेला तो हात त्याच्या कपाळावर ठेवला आणि हळूच म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग त्याची बायको म्हणाली. मग तो तडकलेला मुलगाही.

अकरा वर्षं ज्याने बोल सोसला त्या माणसाची मी बायको आहे, याचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा आयुष्यात कधी वाटला नव्हता. आणि थोडा माझाही वाटला, का लपवू? परतताना रिक्षात मी विचारलं, "माझा राग आला?" ते म्हणाले, "अगो, तू घातलं असतंस तर तो भियान बोललो असतो. आता मनान बोललो."

दोन दिवसांनी मुकादम गेला. त्याच्या मुलाने जुन्या कामगारांना स्वतः फोन करून वडिलांचे शब्द सांगितले. एकजण घरी येऊन ह्यांच्या पाया पडला. तोच, सुबह सुबह म्हणणारा. फुलवाल्या आजीचे आभार मानायला गेले तर तिने मला ओळखलंच नाही. "मी कवा बोल्ले? फुलं घेतेस का न्हाय, ते सांग." मी जास्वंदीचा हार घेतला आणि देवीला वाहिला.

सगळ्याच वाईट माणसांचा न्याय ते जिवंत असताना होतो का, हे मला आजही माहीत नाही. मला एकाचं माहीत आहे. मी जेव्हा देवाला विचारत होते की तुला दिसतं का, तेव्हा देव दुसऱ्या घरात बसून मुकादमाला विचारत होता. मला वाटत होतं, माझ्या भित्रेपणामुळे न्याय राहून गेला. पण देवाचं काम माझ्या जिभेवाचून अडलं नव्हतं. माझ्याकडून त्याला फक्त खरं हवं होतं.

शिमग्याला आम्ही गावी गेलो. निघायच्या सकाळी हे आंघोळ करून आले आणि खिळ्यावरची माळ माझ्या हातात दिली. अर्ध्या हाताने गाठ बसत नाही, ती मी बांधली. देवळात त्याच पायरीवर नारळ ठेवला. या वेळी गुरव तिथेच होते. म्हणाले, "काय गो, गाऱ्हाणां घालूचां हा?"

मी म्हटलं, "घालूचां काय नाय. त्येना न घालताच ऐकल्यान."

मागून ह्यांचा आवाज आला, भजनातल्यासारखा खणखणीत, "व्हय म्हाराजा!"