पंकजाची कोरडी चारी

नारायणराव पंकजाला खरं म्हणजे ओळखत नव्हते. एका उन्हाळ्यात तिनं त्यांची पडवी वापरली, एवढाच संबंध. ती छगन वाकचौऱ्याची थोरली, शिकायला परदेशी गेलेली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं तेवढंच त्यांनाही ठाऊक होतं. ती शाळेत आली तोवर ते मास्तरकीतून निवृत्त झाले होते, त्यामुळे ‘माझी विद्यार्थिनी’ म्हणून मिरवायचीही सोय नव्हती. परक्या मुलखात तिचे दिवस कसे जातात, घरची आठवण येते का, यातलं काही त्यांनी कधी विचारलं नाही. तोंडाशी यायचं आणि परत जायचं. पडवीतून दिसली तेवढीच त्यांची पंकजा.

गावानं मात्र तिला पुरतं ओळखलं होतं. गोगलगाईवाली. संगमनेरच्या खाली, पाटाच्या पाण्यावर ऊस आणि दूध काढणारं हे गाव. इथल्या मुलीनं शिकून नर्स व्हावं, तलाठी व्हावं, अगदीच हुशार असली तर इंजिनिअर. छगनच्या पोरीनं आफ्रिकेतल्या मलावी देशात जाऊन तळ्याकाठच्या गोगलगाईंवर डॉक्टरेट करावी, हा गावाला चहाबरोबर रोज पुरणारा विनोद होता.

“इथल्या संपल्या व्हत्या का गं?” कोणीतरी विचारायचं.

“नाही. पण इथं माणसांचा अभ्यास आधी करावा लागला असता,” पंकजा म्हणायची. “तेवढा वेळ नव्हता.”

तिची जीभ अशी होती. नारायणरावांना ती ऐकायला आवडायची, आणि आवडते म्हणून थोडी भीतीही वाटायची.

तिकडच्या तळ्यांत गोगलगाईच्या अंगात एक किडा वाढतो. तो पाण्यात उतरतो, पोहणाऱ्या पोरांच्या कातडीतून आत शिरतो आणि पोरांना लघवीतून रक्त जायला लागतं. आपल्याकडे त्याचा भाऊबंद जनावरांना धरतो. पाटातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या चारीच्या गवताला चिकटून म्हशीच्या पोटात जातो, यकृतात घर करतो. मग जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागते. छगनची दुभती म्हैस अशीच गेली होती. तेव्हा शेजाऱ्यांनी नजर लागली म्हणून गोठ्याला लिंबू-मिरची बांधली होती. शाळकरी पंकजा त्या लिंबाकडे बघत राहिली होती, असं तिची आई रतनबाई सांगायची.

आता तिच्या प्रबंधाला एक प्रकरण गावचं जोडायचं होतं. प्रश्न साधा होता. चारीतलं पाणी बंद केलं की या हरभऱ्याएवढ्या गोगलगाई चिखलात तोंड मिटून झोपतात. पाणी आलं की उठतात. मग चारी किती दिवस कोरडी ठेवली तर त्या कायमच्या झोपतील? उत्तर मिळालं तर औषधाशिवाय, नुसतं पाण्याच्या पाळ्या नीट लावून काम झालं असतं. इथेही आणि तिकडेही.

नारायणरावांच्या परसाला लागून चारीचा एक वापरात नसलेला फाटा होता. पाणीवाटप संस्थेच्या बैठकीत तो पावसापर्यंत कोरडा ठेवायचं ठरलं. अध्यक्ष ज्ञानेश्वरभाऊंनी टेबलावर हात आपटून सांगितलं, “गावची लेक हाय. थेंब जाऊ देनार न्हाई!”

पंकजानं फाट्यात जागोजाग बांबूच्या कामट्या रोवल्या. ठरल्या दिवशी एका कामटीजवळचा चिखल खणायचा, पडवीत पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात सोडायचा आणि वाट बघायची. नारायणरावही खुर्ची ओढून बसायचे. सुरुवातीला ट्रेमध्ये लगबग असायची, बारीक शिंगं बाहेर यायची. मग कमी होत गेली. एकदा बराच वेळ बसून एकच उठली.

“हीच शहाणी,” पंकजा हळूच म्हणाली. “आता थोडेच दिवस, गुरुजी. पाणी आलं नाही तर झालंच.”

ते ‘थोडेच दिवस’ ज्ञानेश्वरभाऊंना सहन झाले नाहीत.

भाऊंना पाण्यातलं काही कळत नव्हतं. पाण्याशेजारी उभं राहून फोटो कसा काढायचा, ते मात्र पक्कं कळत होतं. पाटाला उन्हाळ्याचं आवर्तन, म्हणजे धरणाच्या पाण्याची पाळी, आलं होतं, संस्थेची निवडणूक तोंडावर होती. जलपूजन आणि गावच्या लेकीचा सत्कार एकाच मांडवात उरकायचा, अशी त्यांची अक्कल चालली. आणि मांडव कुठे, तर त्याच फाट्याच्या काठावर. तिथं सावली होती.

सकाळी नारायणराव परसात आले तेव्हा फ्लेक्स लागला होता. ‘आफ्रिकेची वाघीण’. मागे जिराफ. भाऊंचा चेहरा जिराफाहून मोठा, पंकजाचा पासपोर्टवरचा, एका कोपऱ्यात. कामटी एकही जागेवर नव्हती. कार्यकर्त्यांनी त्या उपटून त्यांना पताका बांधल्या होत्या.

पंकजा धावत आली. पताकांकडे बघून थांबली.

“भाऊ, फाट्यात पाणी सोडायचं नाही असं ठरलं होतं.”

“अगं, कोरड्या चारीचं जलपूजन कसं करायचं? लोक हासतील.”

“लोक तसेही हसतात. माझं काम बुडेल.”

“बुडंल कसं? पान्याच्या लोंढ्यानं गोगलगाई वाहून जातील की! तुजंच काम करतोय, येडे!”

“त्या वाहून जात नाहीत. त्या चिखलात झोपल्यात. तुम्ही उठवताय.”

“मग उठल्या की मार!” भाऊ म्हणाले आणि सभोवतीचे सगळे हसले. भाऊंचा विनोद म्हटल्यावर हसावंच लागतं.

नारायणराव कुंपणापाशी आले होते. “ज्ञानेश्वर, बैठकीत तू स्वतः…” त्यांनी सुरुवात केली. आवाज स्पीकरच्या ‘हॅलो, माइक टेस्टिंग’मध्ये विरून गेला. दुसऱ्यांदा ते जरा मोठ्यानं बोलले. भाऊंनी त्यांना नमस्कार केला आणि पहिल्या रांगेत खुर्ची दिली.

भाषणं झाली. पंकजाताईंनी आफ्रिकेतल्या मागासलेल्या लोकांना गोगलगाय मारायला शिकवलं, असं भाऊ म्हणाले. पंकजाच्या डोक्यावर फेटा होता, खांद्यावर शाल. ती बसल्या जागेवरून म्हणाली, “शिकवलं नाही. शिकले. तिथल्या बायकांना एकदा सांगितलं तरी कळतं.” टाळ्या पडल्या. कोणी ऐकलंच नव्हतं.

मग भाऊ म्हणाले, फाट्याचं दार ताईंच्याच हस्ते उघडायचं.

तिला दारापाशी नेलं. लोखंडी चाकाला हार घातला होता, खाली नारळ, हळदकुंकू. मोबाईल वर झाले. पंकजानं फेटा काढला, चाकावर ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

“काय झालं, ताई?”

“माझ्या हातानं नाही.”

रतनबाई बायकांतून पुढे आली. “भाऊ, लई झालं. मशीला लिंबू बांधलं हुतं तवा लेकरू गप बसलं. आता तरी तिला गप बसवू नगा.”

भाऊ क्षणभर गोंधळले. मग फोटोग्राफरकडे बघून हसले आणि स्वतःच चाक फिरवलं. पाणी फाट्यात शिरलं. फुलं, नारळाच्या शेंड्या आणि बिसलरीची एक बाटली त्याच्यावर तरंगत गेली. सगळ्यांना जेवायला आमटी-भाकरी होती.

चार-दोन दिवसांत वाऱ्यानं फ्लेक्स चारीत पडला. पंकजा काठावर उकिडवी बसली होती. भाऊंच्या गालावर, कपाळावर, हसऱ्या दातांवर गोगलगाई संथ चालल्या होत्या.

“यातली झोपून उठलेली कुठली आणि पाटातून आलेली पाहुणी कुठली, आता ब्रह्मदेवाला कळणार नाही,” ती म्हणाली. “प्रकरण गेलं, गुरुजी.” तिनं फोटो मात्र काढला. “तिकडच्या सरांना दाखवीन. तिथंही पाहुणे आले की पाणी सोडतात. त्यांना नवल वाटणार नाही.”

ती ठरल्याआधीच निघाली. प्रबंध गावाशिवाय पुरा झाला, तिकडेच नोकरी लागली, असं नंतर कानावर आलं. भाऊ बिनविरोध निवडून आले. त्या पावसाळ्यात छगनच्या नव्या म्हशीच्या जबड्याखाली पिशवी लोंबली, तेव्हा बघायला भाऊ स्वतः आले आणि लिंबू बांधा म्हणाले.

निघायच्या सकाळी ती पडवीत आली होती. नारायणरावांच्या मनात बरंच काही होतं.

“गुरुजी, ट्रे धुऊन पालथे घातलेत. ऊन लागू द्या.”

“बरं. डबा घेतलास का?”

“घेतला. आईची शेंगदाण्याची चटणी सगळी बॅगेत सांडलीय.”

“मग पुसून घे.”

“घेते,” ती म्हणाली.