जिथं ओटा होता

बूढापारा या जुन्या वस्तीतून ऑफिसला जाताना एका गल्लीत मला रोज एक आजी दिसायच्या. दारापासून चार पावलं पुढे, चक्क रस्त्यात बसून त्या रांगोळी काढत. स्कूटरवाले वळसा घालून जात. मीही जायचो, जरा वैतागूनच. एकदा न राहवून म्हणालो, "आजी, दाराशी काढा ना. इथं पुसून जाते."

"इथवर माझा ओटा होता भाऊ," त्या म्हणाल्या. "गल्लीत ॲम्ब्युलन्स शिरत नव्हती, तं सगळ्यायनं मिळून आपापले ओटे तोडले. पहिला हातोडा माझ्या ओट्यावर." मग कमरेवर हात ठेवून, घरातलं नवं कपाट दाखवावं तशी त्यांनी ती रुंद गल्ली मला दाखवली.

परवा मला गल्लीच्या तोंडाशीच थांबावं लागलं. शेजारच्या सुनेला बाळंतपणासाठी न्यायला ॲम्ब्युलन्स थेट दारापर्यंत आली होती. ती निघाली तशी ताजी रांगोळी चाकाखाली गेली. आजी पदर सावरून ताठ उभ्या होत्या. चाकांनी ओढत नेलेल्या पांढऱ्या रेघेकडे त्या बघत राहिल्या.

"पाह्यलं ना भाऊ," त्या मला म्हणाल्या, "माझ्या ओट्यावरून गेली."