पितळी वीस पैशांवरचा अंगठा

नाण्याच्या तोंडावर अंगठा उमटला होता. ट्यूबलाइटखाली नाणं जरा तिरकं केलं की रेषा न् रेषा दिसत होती.

नाणं होतं पितळी वीस पैसे, कमळाचं. हे मात्र टांकसाळीत ठसा मारताना सरकलेलं. त्यामुळे कमळ एका बाजूला कललेलं आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीसारखी जागा कोरी; अशी चुकलेली नाणी दुर्मीळ. मालक देवरेमामा, सटाण्याचे, एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ते त्यांना चिल्लरच्या पिशवीत सापडलं. स्वतःचे वीस पैसे पिशवीत टाकून त्यांनी ते काढून घेतलं आणि कापसात गुंडाळून डबीत ठेवलं. इतक्या वर्षांनीही ते सोन्यासारखं लखलखत होतं. होतं म्हणजे, आमच्याकडे येईपर्यंत.

त्या दिवशी बुधवार होता. शनिवारी नाणेसंग्राहकांच्या मंडळाचं प्रदर्शन. काचेच्या कपाटात सर्टिफिकेटवालीच नाणी ठेवायची, असा मंडळाचा नियम. देवरेमामांनी आयुष्यात पहिल्यांदा प्रदर्शनात नाव दिलं होतं, आणि त्यांचं सर्टिफिकेट आमच्याकडे चार महिने अडकलं होतं.

आमचं ऑफिस पंचवटीत, भाजीबाजारावरच्या पहिल्या मजल्यावर. काम नाणी ग्रेड करायचं. ग्रेडिंग म्हणजे नाणं खरं की खोटं ते ठरवायचं, आणि खरं असेल तर किती चांगल्या अवस्थेत आहे त्याला एक ते सत्तरमध्ये मार्क द्यायचे. मग सर्टिफिकेट देऊन ते कडक पारदर्शक डबीत सील करायचं. दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. नाशकात असं काही चालतं हे सांगून लोकांना खरं वाटायचं नाही. खालून टेम्पो गेला की आमचा वजनकाटा थरथरायचा. मी म्हणायची, "थांबा, टोमॅटो जाऊ द्या," आणि मग वजन घ्यायची.

ऑफिसचे मालक चांडक शेठ. ग्रेडर दोन, भालेराव सर आणि मी. सर आधी शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्याइतकी तयार नजर मी पुन्हा पाहिली नाही. त्यांनीच मला शिकवलं. नाणं कडेनं धरायचं, तोंडाला बोट लावायचं नाही. बोटाचा घाम धातू खातो. सुरुवातीला मी चुकायची, तर सर अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असे ओरडायचे, "वैशाली, बोट!"

दुसरा नियम चिठ्ठ्यांचा. एक नाणं दोघांनी वेगवेगळं बघायचं. आपली ग्रेड चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी ठेवायची. दोन्ही जुळल्या तर ठीक, नाहीतर पुन्हा बघायचं. आधी तीन आठवड्यांत नाणं परत जायचं. वर्षभरात ते चार महिन्यांवर गेलं. फोन उचलायची भीती वाटायला लागली. देवरेमामा तर दर सोमवारी एसटीनं यायचे, जिन्यात दम खायचे आणि दारातूनच विचारायचे, "ताई, नंबर लागला का? का मी गेल्यावर फोटोशेजारी ठेवणार?"

शेठ म्हणायचे, "दोन माणसांत होत नसेल तर तिसरा आणतो. सरांचं वय झालं, त्यांनी आराम करावा." मी दर वेळी भांडायची. सर गेले तर या ऑफिसात उरणार काय, काटा?

आता हा अंगठा. नाण्याला आम्हा दोघांशिवाय कोणी हात लावत नव्हतं. मी भिंग लावलं. रेषांमधून एक तिरका चरा गेला होता. तसा चरा मला माहीत होता. पेन्सिलीला टोक करताना ब्लेड लागून सरांचा उजवा अंगठा कधीतरी कापला होता.

मी मागे वळून बघितलं. सर खिडकीशी उभे होते. हातात दुसरंच एक नाणं, पार नाकाजवळ नेलेलं. आणि त्याच्या तोंडावरून त्यांचा अंगठा सावकाश फिरत होता.

"सर, बोट!" मी ओरडले.

त्यांनी नाणं खाली ठेवलं. मग म्हणाले, "दिसत नाही गं मला. वर्ष झालं. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. सगळं धुरकट दिसतं. म्हणून एकेक नाणं चार-चारदा बघतो, चाचपतो. शेठना कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं. घरी बसून मी काय करू?"

"पण सर, नाणी?"

"तुझी चिठ्ठी होती ना," सर म्हणाले. "हल्ली तुझी नि माझी ग्रेड दर वेळी जुळत होती. म्हटलं, म्हणजे अजून चालतंय."

धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. कारण सहा महिने मी त्यांची चिठ्ठी चोरून बघत होते. आधी दोन-तीनदा माझी ग्रेड त्यांच्यापेक्षा कमी आली. मला नाण्यावर बारीक ओरखडे दिसत होते, त्यांना नव्हते. पुन्हा बघायला दिलं की सर तासभर नाणं सोडायचे नाहीत. मला वाटलं, आपलंच चुकत असणार, सरांपुढे आपण कोण! शिवाय रांग लांबत होती. मग मी त्यांची पालथी चिठ्ठी सरळ करायची, आकडा बघायची आणि तोच लिहायची.

मी हे सगळं त्यांना सांगून टाकलं. सर रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, "म्हणजे आपल्या ऑफिसात दोन ग्रेडर नव्हतेच. एकच होता, आणि तो आंधळा."

आम्ही दोघं शेठकडे गेलो. शेठ आधी तोंडाला येईल ते बोलले. तेवढा त्यांचा हक्क होता. मग कपाळाला हात लावून बसले. त्या सहा महिन्यांतली सगळी नाणी परत मागवून पुन्हा बघायची, म्हणजे रांग आणखी लांबणार. शेवटी म्हणाले, "सर, आधी ऑपरेशन करा. खुर्ची रिकामी ठेवतो. पण लवकर या, ही पोरगी एकटी मला वेडा करेल."

उरला शनिवार. मी नाणं ॲसिटोनमध्ये बुडवून काढलं. बोटाचं तेल गेलं, पण रेषा राहिल्या. घामानं पितळ खाल्लं होतं. शेठ हळूच म्हणाले, "दोन्ही चिठ्ठ्या तूच लिहून टाक. त्या कंडक्टर म्हाताऱ्याचं काम तरी होईल."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण हात चालेना.

गुरुवारी मी देवरेमामांना बोलावून घेतलं. सरांनी स्वतः सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. मामा नाण्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता शिव्या घालतील.

"गर्दीत मी पण बोटांनीच चिल्लर ओळखायचो," ते म्हणाले. "पण सर, तुम्ही सांगायचं होतं. मी काय आणखी चार महिने थांबलो नसतो का? आधीच थांबलो होतो की!" आणि सर्टिफिकेट राहू द्या, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून, नाणं आमच्याकडेच ठेवून ते जिना उतरले. शनिवारी प्रदर्शनाला मात्र आले. इस्त्रीचा शर्ट घालून, हात मागे बांधून, दुसऱ्यांची नाणी बघत फिरले. मला त्यांच्या समोर जायचं धाडस झालं नाही.

सर तीन महिन्यांनी काळा चष्मा लावून परत आले. पहिलं नाणं देवरेमामांचंच घेतलं. आम्ही चिठ्ठ्या उलटल्या. माझी बासष्ट, त्यांची साठ. जुळलं नाही! इतका आनंद मला नोकरीत कधी झाला नव्हता. पुन्हा बघून एकसष्ट ठरलं. सर्टिफिकेटवर शेऱ्याच्या जागी सरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'दर्शनी बाजूस परीक्षकाच्या अंगठ्याचा ठसा.' पुढच्या वर्षी ते नाणं प्रदर्शनाच्या कपाटात मधोमध होतं.

ते ऑफिस पुढे बंद पडलं. सरही गेले. हल्ली मी नवीन पोरींना शिकवते तेव्हा एकच सांगते, आधी स्वतःची चिठ्ठी लिहा. शेजारचा कितीही मोठा असू दे.

मध्ये सटाण्याला गेले होते, तेव्हा देवरेमामांकडे डोकावले. त्यांनी डबी पुढे केली. सवयीनं मी भिंग काढलं. सीलच्या आतही ठसा काळपट होत गेला होता. रेषा आता नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या, तिरक्या चऱ्यासकट.

"काय ग्रेड देशील आता?" मामांनी विचारलं.

"एक पायरी उतरली, मामा."

त्यांनी डबी माझ्या हातातून घेतली आणि सदऱ्यानं पुसली.

"उतरू दे," ते म्हणाले, आणि पुढचं त्यांच्या घरच्या अहिराणीत. "हाऊ सरना अंगठा शे."