देवाचं डुक्कर

आमच्या बिहोर जिल्ह्याकडच्या गावात गव्रिला कोवाचू नावाचा माणूस 'माझं' हा शब्द तोंडातून काढत नसे. एका रविवारी आमच्या बाप्टिस्ट मंडळीत पाद्रीभाऊ एलिसेईंनी प्रवचन दिलं, की घर, शेत, गाईगुरं सगळं प्रभूचं, आपण नुसते कारभारी. बाकीचे आमेन म्हणून घरी जेवायला गेले. गव्रिलानं ते मनावर घेतलं. तेव्हापासून तो प्रभूच्या विळ्यानं प्रभूचं गवत कापायचा, आणि प्रभूचा जोडा चावला की आधी प्रभूची माफी मागून मग जोड्याला शिवी हासडायचा.

बायको सावेतानं हे सगळं सोसलं. पण त्या वसंतात डुकराचं पिलू घरात आलं.

आमच्यात तान्ह्या लेकराला पाद्री हातात घेऊन प्रभूच्या स्वाधीन करतो. त्या रविवारी बायाबापड्यांच्या रांगेत गव्रिलाही शालीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन उभा. पाद्रीभाऊ चष्मा घरी विसरलेले. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, "हे लेकरू ज्ञानानं आणि अंगापिंडानं वाढो." लेकरू घुर्रर्र करून उठलं, पण तोवर आमेन होऊन गेलं होतं.

अंगापिंडानं ते वाढलंच. सावेताच्या वाट्याला मक्याच्या कण्या, आणि त्याला दुधात कालवलेला भोपळा.

नाताळ तोंडावर आला. घरोघरी डुकरं कापायचे दिवस. स्पेनमध्ये कामाला गेलेली लेक रोदिका नवऱ्यापोरांना घेऊन कितीतरी वर्षांनी घरी येणार होती. "आई, दुसरं काही नको, तुझ्या हातचं सॉसेज कर," एवढंच तिनं फोनवर सांगितलेलं. शेजारचा पांतेलिमोन सुरी परजून दारात हजर.

"दुसऱ्याच्या मालाला सुरी लावू?" गव्रिला आडवा आला. "कारभारी हाय मी, चोर न्हाई!"

"मग डुक्कर कुणाचं?"

"प्रभूचं."

"बरं. त्याचा निरोप येईस्तवर बसतो," म्हणत पांतेलिमोननं खिशातून पलिंकाची बाटली काढली. "तुमच्यात दारू चालत न्हाई, म्हणून घरनंच आणलीया."

सावेता बाह्या सरसावून पाद्रीभाऊंकडं गेली नि त्यांना ओढतच घेऊन आली. या खेपेला त्यांच्या नाकावर चष्मा होता. खोपटातलं ते धूड बघून त्यांचा चेहरा पडला.

"बाई, मी डुकरावर हात ठेवून प्रार्थना केली हे तालुक्याला कळू देऊ नका," ते पुटपुटले.

"न्हाई कळू देत. फकस्त एक सांगा. प्रभूच्या पुस्तकातला तो चांगला कारभारी मालक घरी नसताना काय करतो?"

"मालकाच्या घरच्यांना वेळच्या वेळी जेवू घालतो."

"ऐकलंत का, कारभारी?" सावेता नवऱ्याकडं वळली. "मी कुणाची?"

"प्रभूची," गव्रिला म्हणाला.

"रोदिका? तिची पोरं?"

"त्याचीच की."

"मग घाला जेवू!"

गव्रिलानं डुकराचा कान खाजवला. डोळे पुसले. "पांतेलिमोन, ये बाबा. चुकलंच माझं," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'माझं' म्हणाला, तेही चुकीपुरतं.

पण प्रभूच्या घरची माणसं काय तेवढीच? डुक्कर कापून होताच गव्रिला फाटकात उभा राहिला आणि येईल त्याला वाटा देऊ लागला. विधवेला मांडी, सुताराला बरगडी. "मी ऑर्थोडॉक्स माणूस, मी त्याचा न्हाई व्हय?" म्हणत पांतेलिमोननं दुसरी मांडी उचलली. पाद्रीभाऊ नको नको म्हणत चरबीची वळकटी घेऊन गेले.

रोदिका आली तेव्हा खोपट रिकामं, परसात नुसता धूर. सावेता मात्र दुपारपासून गोधडी टाकलेल्या एका मोठ्या पातेल्याच्या झाकणावर बसून होती. शेवटचा माणूस फाटकाबाहेर गेला तशी ती उठली. आत सॉसेजची वेटोळी वाफाळत होती.

"आँ? हे कुणासाठी राखलंस?" गव्रिलानं विचारलं.

"प्रभूच्या जावयासाठी," सावेता म्हणाली, आणि पातेलं घेऊन आत गेली.